घराला इरलं : पाटण-महाबळेश्वरच्या पावसात मांडव घालून बांधकाम चालू ठेवताना

आषाढात भाताची लावणी करणाऱ्या बायका दिवसभर पावसात वाकलेल्या असतात. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हात कोपरापर्यंत ओले, पण पाठ आणि डोकं कोरडं, कारण पाठीवर बांबू आणि पानांचं इरलं. इरलं काही सगळा पाऊस अडवत नाही. लावणी व्हायला जेवढं कोरडं राहावं लागतं, तेवढंच ते राखतं. पावसाळ्यात घराचं काम चालू ठेवायचं असेल तर मांडवाकडूनही एवढीच अपेक्षा ठेवा. पूर्ण साइट कोरडी ठेवायला निघालेला माणूस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ताडपत्री आणि उमेद दोन्ही हरवून बसतो. मी बसलो होतो, ते पुढं सांगतो.

आपल्याकडं, सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात, जुनी रीत सरळ आहे. मृग लागला की काम बंद, दसऱ्याला नारळ फोडून परत चालू. रीत वाईट नाही. पण आता सेंट्रिंगच्या (काँक्रीटला साचा नि आधार देणाऱ्या) प्लेटा आणि जॅक भाड्यानं असतात, त्यांचं भाडं पावसात थांबत नाही. उघड्या सळ्या चार महिन्यांत गंजतात. आणि गवंडी एकदा दुसऱ्याच्या कामावर गेला की दसऱ्याला येतोच असं नाही. म्हणून पहिल्यांदाच गावाकडं घर काढलेल्यांसाठी आणि नव्यानं साइट सांभाळायला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय.

तुमचा पाऊस कुठला

आपला जिल्हा विचित्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, साताऱ्यात हजाराच्या आसपास आणि म्हसवड-दहिवडीकडं जेमतेम पाचशे. हे सगळं दीडशे किलोमीटरच्या आत. त्यामुळं माणच्या पाहुण्यानं दिलेला सल्ला पाटणला चालत नाही, आणि उलटही नाही. माण-खटावात मांडवाची गरजच नाही, दोन चांगल्या ताडपत्र्या हाताशी ठेवल्या की भागलं. कराड, सातारा, वाई या पट्ट्यात सिमेंट, लोखंड आणि ज्या भागात काम चालू आहे तेवढ्यावर छप्पर पुरतं. पुढं सांगतोय तो पुरा मांडव कोयनानगर, हेळवाक, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर या बाजूसाठी.

एवढ्यावर भागत नाही, पाऊस कुठल्या जातीचा हेही बघा. मे महिन्यातला वळीव अर्धा तास पडतो, पण वारा कुठून कसा येईल याचा भरवसा नसतो. मांडव उडतात ते बहुतेक वळवातच, कारण नवीन मांडव नुकताच उभा केलेला असतो आणि गाठी आवळायच्या राहिलेल्या असतात. जून ते सप्टेंबरचा पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्याची दिशा ठरलेली, पण झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप नाही. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. मांडवाचं तोंड, उतार आणि पडदे हे मधल्या पावसाच्या हिशेबानं ठरवायचे, आणि गाठी मात्र पहिल्या नि शेवटच्या पावसाच्या हिशेबानं मारायच्या.

काय झाकायचं आणि काय सोडून द्यायचं

जोतं वर आलं नसेल तर मांडवाच्या नादाला लागू नका. पायाचे खड्डे पावसात उघडे राहिले की कडा ढासळतात, तळाची माती लोण्यासारखी होते. वरून छप्पर घातलं तरी पाणी खालून आणि बाजूनं झिरपतच राहतं. मग पंप लावा, गाळ काढा, पुन्हा पंप लावा. अशा तळावर पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) ओतणं म्हणजे पैसे चिखलात घालणं, अक्षरशः. मेअखेर फुटिंग, कॉलम आणि प्लिंथ बीम (पायाचा तळ, खांब आणि जोत्याची तुळई) होऊन आत मुरूम भरला जाणार असेल तरच पुढचा विचार करा. नाहीतर खड्डे उघडूच नका.

मांडवाखाली नीट होतं ते काम म्हणजे वीट किंवा जांभ्या चिऱ्याचं बांधकाम, लोखंड कापणं-वाकवणं, कॉलम भरणं, आतला गिलावा, आणि जपून केला तर छोटा स्लॅब. मांडवाखालीही करू नये ते म्हणजे पुट्टी आणि रंग. जुलैत भिंत कोरडी होतच नाही. वर पुट्टी मारली की ओल आत कोंडते, आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. लाकडी चौकटीही थांबवा, पाणी पिऊन फुगतात आणि फुगलेल्या मापावर बसवल्या की मार्चमध्ये फटी दाखवतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरचं प्लॅस्टर हे दसऱ्यानंतरच.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात भक्कम मांडव म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात पडलेला स्लॅब. तो पडला की खालचे टेकू मुदतीनंतर काढायचे, खिडक्यांच्या उघड्या जागांना कागद मारायचा आणि पावसाळाभर आतलं काम निवांत करायचं. ज्यांना ते जमलं त्यांनी हा लेख इथंच सोडून सिमेंटच्या भागावर उडी मारली तरी चालेल.

छपराआधी चर

नवखा माणूस बाजारात जाऊन आधी ताडपत्री आणतो. आधी पहार आणि टिकाव हातात घ्या. हिशेब सोपा आहे : एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. वीस बाय तीसचा मांडव म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पडला होता. त्या दिवशी एवढ्याशा मांडवावरून तेहतीस हजार लिटर पाणी उतरलं असतं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर तुमच्या वळचणीला रिकामे झाले असते. ते जाणार कुठं, हे आधी ठरलं पाहिजे.

डोंगराच्या अंगाला, मांडवाच्या मागं, एक चर काढा. फूटभर खोल, दीड फूट रुंद, आणि त्याची दोन्ही तोंडं उताराकडं जाऊ द्या. पागोळ्या जिथं पडतात तिथंही उथळ चर आणि त्यात खडी, म्हणजे माती उडून भिंतीवर चढत नाही. ताज्या भरावावर पाणी सोडू नका, शेजाऱ्याच्या खाचरातही नको. पावसाळ्यातली भांडणं तिथूनच सुरू होतात.

घरामागं डोंगर उभा कापून जागा काढली असेल आणि त्या कापाला भिंत नसेल, तर मात्र वेगळं बोलावं लागेल. २०२१ च्या त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या. अशा उघड्या कापाखाली मांडव घालून रात्री मजूर झोपवायचे नाहीत. कापाच्या वर भेग दिसली, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर सामान सोडा आणि माणसं हलवा.

सांगाडा

माझा पहिला मांडव मोरणा खोऱ्यातल्या एका कामावर होता. उंची सारखी ठेवली, उतार दिला नाही, कारण सारखी उंची दिसायला बरी वाटत होती. खांब वाचवायला दोन बाजू सेंट्रिंगच्या जॅकलाच बांधल्या. घरमालकाचे आबा कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पोरा, मांडव घालतोयस का तळं बांधतोयस?" मी हसलो. पुनर्वसूच्या तिसऱ्या रात्री ताडपत्रीची पोटं सुटली, एका पोटाच्या वजनानं वासा मोडला आणि तो जाताना दोन जॅक घेऊन गेला. सुदैवानं बीममध्ये अजून माल (काँक्रीट) पडलेला नव्हता.

त्या पोटाचं वजन मी नंतर काढलं. सहा फूट बाय तीन फूट आणि सरासरी चार इंच खोल पाणी साचलं तर १६० किलोच्या वर भरतं. सिमेंटची तीन पोती मधल्या वाशावर ठेवल्यासारखंच की. म्हणून ताडपत्रीला उतार सढळ द्यायचा, तीन फुटांना एक फूट. पत्र्याला पाच फुटांना एक चालतो. दोन पाखांचा मांडव करा, मधे आढं आणि दोन्हीकडं उतार. वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट काढा. भिंतींमधली रुंदी वीस फूट असेल तर आढं त्या वळचणीपेक्षा चार-साडेचार फूट वर येतं.

खांबांना दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उत्तम, नाहीतर पक्का जून झालेला कळक. दर आठ फुटांवर एक. खड्डा अडीच-तीन फूट, तळाला दगड, बाजूनं दगड-मुरूम ठासून. जोत्यावर खड्डा काढता येत नाही, तिथं दोनशे लिटरचा ड्रम घ्या, खांब मधे उभा करा आणि मुरूम भरा. भरलेला ड्रम तीनशे किलोच्या आसपास जातो. कोपऱ्यातल्या प्रत्येक खांबाला दोन दिशांनी तिरक्या काठ्या हव्याच. नुसत्या चौकोनाला वारा ढकलतो, तिरकी काठी आली की चौकोन अडतो.

आता वजन खाली येण्याचं झालं, त्याहून धोक्याचं आहे वर जाणं. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर ढोबळ मानानं दर चौरस मीटरला १७ किलो धरा. आपल्या ५६ मीटरच्या छपराला तो नऊ क्विंटलच्या वर होतो. तुमचे खांब आणि कापड मिळून तेवढं वजन असतं का? नसतं. म्हणून मांडव जमिनीत धरून ठेवायचा असतो. चारी कोपऱ्यांतून आणि लांब बाजूंच्या मधून दोरांचे ताण द्या. मेखा तीन फुटी, खांबाकडं डोकं न कलवता उलट्या बाजूला कलवून ठोका.

मांडव स्वतःच्या पायावर उभा पाहिजे. सेंट्रिंगला बांधायचा नाही, ताज्या भिंतीला टेकवायचा नाही, महावितरणच्या खांबाला तर विचारातही नाही. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पुऱ्या उंचीचा मांडव कुणी सुचवला तर माझं मत स्वच्छ 'नको' असं आहे, विशेषतः सड्यावर (उघड्या पठारावर) किंवा खिंडीच्या तोंडाशी. तेवढ्या उंचीवर ते छप्पर राहत नाही, शीड होतं. तिथं तीन-चार फूट उंचीच्या घोड्या करून त्यावर बुटका मांडव घाला आणि काम त्या-त्या पट्ट्यापुरतं उघडा.

कापड आणि गाठ

दोनशे ते अडीचशे जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) ताडपत्री घ्या. पातळ निळी ताडपत्री लग्नाच्या मांडवाला ठीक, कोयनेच्या वाऱ्याला ती महिनाभर पुरत नाही. कडेनं पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या रिंगा साधारण तीन-तीन फुटांवर असाव्यात. शेततळ्याचा जाड कागद काही जण वापरतात. पाणी तो अडवतो, पण वजनदार आणि घसरडा, आणि रिंगा नसल्यानं बांधायचा कसा हा प्रश्न राहतो.

कापड टाकण्याआधी वाशांवर नायलॉन दोरीची जाळी विणा, दोऱ्या दीड फुटाच्या अंतरानं. पोटं सुटत नाहीत ती या जाळीमुळं. मग कौलं शाकारतो तसंच, खालून वर जायचं. वळचणीचा पट्टा आधी, त्यावर वरचा पट्टा दोन फूट चढवून. आडव्या जोडाची उघडी कड पूर्वेकडं ठेवा, पश्चिमेचा वारा तिच्यात बोट घालणार नाही. आढ्यावर शेवटी एक टोपी-पट्टा.

बांधताना रिंगेत दोरी थेट घालू नका. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचे वेढे करा, रिंगेत ट्यूब आणि ट्यूबला दोरी. वाऱ्याचा झटका ट्यूब सोसते, रिंग फाटत नाही. पंक्चरवाल्याकडं अशी पोतंभर ट्यूब पडलेली असते. वरूनही दर सहा फुटांना एक दोर आडवा टाकून खाली मेखेला ओढा. गाठ सरकफासाची, एका ओढीत सुटणारी. रेड अलर्ट आला आणि वारं बेफाम झालं तर सांगाडा वाचवायला कापड सोडावं लागतं, आणि रात्री अकरा वाजता ओल्या गाठी दातांनी सुटत नाहीत.

पश्चिमेच्या बाजूला पडदा लागतोच, कारण आपला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. पूर्वी डोंगरातली माणसं पावसाआधी घराच्या त्या अंगाला गवताच्या झडी बांधायची. गवताची झड वाऱ्याला थोडं आत येऊ देते म्हणूनच टिकायची. पुरा प्लास्टिकचा पडदा मारला की तोच वाऱ्याला छाती देतो. नर्सरीवाल्यांची दाट शेडनेट दुपदरी लावा आणि खालचा तीन फुटांचा पट्टा तेवढा ताडपत्रीचा करा. पूर्वेची बाजू उघडी असू द्या. आढ्याखालच्या दोन्ही त्रिकोणांत फटी ठेवा. चारी बाजू बंद केलेल्या मांडवात आतली वाफ कापडाला लागून थेंब होतात आणि पाऊस थांबला तरी आत टपटप चालूच राहते.

सिमेंट, वाळू, लोखंड

सिमेंटला वेगळी खोली करा, मांडवाच्या कोपऱ्यात ठेवू नका. जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्या, त्यावर कागद, त्यावर पोती. भिंतीपासून फूटभर लांब, दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी नाही, आणि सगळ्याला वरून कागद गुंडाळून. एका वेळी पंधरा दिवसांना पुरेल एवढंच आणा. घाट बंद पडेल म्हणून जूनमध्येच दोनशे पोती भरणारे बरेच असतात. त्यांतली शेवटची साठ ऑगस्टमध्ये हातोडीनं फोडावी लागतात. चिमटीत घेतल्यावर गोळी चुरगळत असेल तर ठीक, बोटांनी फुटत नसेल तर ते पोतं कॉलम-स्लॅबसाठी गेलं.

वाळू आता क्रशसँडच (दगड दळून केलेली) येते. ओली झाली की ती फुगते, कण पाण्याच्या पातळ थरानं एकमेकांपासून लांब राहतात. पाटीच्या मापानं मोजणाऱ्यांना हे माहीत नसलं की वाळू कमी पडते. काचेच्या बरणीत ओली वाळू भरा, उंची खुणेनं लिहून ठेवा. वाळू काढून बरणीत अर्धी पाणी घ्या, तीच वाळू परत टाका, ढवळा आणि बसू द्या. जेवढी उंची उतरली तेवढी फुग. चौथा हिस्सासुद्धा उतरू शकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. एम-२० च्या (घरासाठी नेहमी लागणाऱ्या प्रतीच्या काँक्रीटच्या) मालाला पोत्यामागं सत्तावीस लिटरच्या आसपास पाणी पुरे. पोत्याला साधारण ऐंशी किलो वाळू लागते, ती पाच टक्के ओली असेल तर चार लिटर पाणी तिनंच आणलेलं असतं. मिक्सरवाला सवयीनं नेहमीचं पाणी ओततो आणि माल आमटीसारखा होतो. म्हणून वाळू आणि खडीच्या ढिगांनाही कागद घाला, आणि ढिगाच्या तळातला हातभर थर उचलू नका.

लोखंड ओंडक्यांवर, जमिनीपासून वर. तांबूस रंग आला तर बिघडत नाही. हात फिरवल्यावर पापुद्रा सुटला तर तारेच्या ब्रशनं घासूनच वापरा.

माल टाकायचा दिवस

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आदल्या दिवशी बघा, आणि सकाळी पुढच्या तीन तासांचा अंदाज. ऑरेंज किंवा रेड असेल तर स्लॅब नाही, मांडव असो वा नसो. एका दमात किती ओतायचं ते मांडवाखाली मावेल तेवढंच ठरवा. मधे थांबायची वेळ आली तर जोड कुठं घ्यायचा हे इंजिनियरकडून आधी रेघ मारून घ्या. आधाराजवळ, म्हणजे बीमच्या तोंडाशी, थांबायचं नसतं, आणि घाईत माणूस नेमका तिथंच थांबतो.

सुरू करण्याआधी खाली उतरून प्रत्येक टेकूचा पाय बघा. पावसात जमीन मऊ होते, जॅक इंचभर बसतो आणि वर स्लॅबला पोट येतं. प्रत्येक टेकूखाली जाड फळी पाहिजे. मग वर येऊन बीमच्या तळाशी साचलेलं पाणी, पालापाचोळा आणि मुरमाचा गाळ काढा. कॉलमच्या खोक्याला तळाशी एक झडप ठेवली तर हे काम पाच मिनिटांचं असतं.

माल पडल्यावर पहिले पाच-सहा तास जिवाचे. तेवढ्यात सर आली आणि पाणी थेट वर पडलं तर सिमेंट धुऊन निघतं, खडी उघडी पडते. ताडपत्रीतून गळणारा एकच थेंब सारखा एका जागी पडत असेल तर तिथं खळगा होतो, ती जागा तेव्हाच हेरा. आणि वर पाणी साचलं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवू नका. वरचा पापुद्रा तेवढा कडक होतो आणि उन्हाळ्यात सुटून येतो. पाणी स्पंजनं टिपा, धुऊन गेलेला भाग खरवडून नवा माल टाका. खूपच धुपलं असेल तर इंजिनियरला बोलवा, झाकून ठेवू नका. कोयनेचा पट्टा आहे हा, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी पाहिला ती माणसं अजून गावात आहेत. कॉलममधला धुपलेला माल कोणाला दिसत नाही, पण तो तिथंच असतो.

यानंतर येते ती पावसाळ्यातली सगळ्यात हमखास चूक. बाहेर धो धो पाऊस आहे, म्हणून क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) कोणी जात नाही. पण स्लॅब मांडवाखाली आहे, त्याच्यावर थेंब नाही, आणि वारा त्याच्यावरून चोवीस तास वाहतोय. तो वाळतोच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस ओल पाहिजे. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल, आणि बाजारात बहुतेक तेच मिळतं, तर चौदा धरा. वळचणीला ड्रम लावून पावसाचंच पाणी घ्या. पहिल्या दोन दिवसांचं धूळ-कचऱ्याचं सोडून दिलं की ते क्युरिंगलाही चांगलं आणि माल कालवायलाही. टेकू काढायची मुदत स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा, वर एकवीस. हे आकडे ओपीसीचे. पीपीसीला, आणि महाबळेश्वरच्या गार हवेत, मी त्याच्यावर आठवडाभर तरी ठेवतो. प्लेटांच्या भाड्यावरून मालक कुरकुरतो, कुरकुरू दे.

मांडवातली माणसं

वायर जमिनीवरून नको, डोक्याच्या वर खांबाला बांधून न्या. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि रोज सकाळी त्याचं टेस्टचं बटण दाबा. व्हायब्रेटर आणि मिक्सरची अर्थिंग पाण्यात पाय ठेवून तपासायची वेळ येऊ देऊ नका.

चूल मांडवाखाली नाही. ताडपत्री आणि शेडनेट पेटल्यावर वितळून अंगावर पडते. गारठा वाटला म्हणून पडदे सोडून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर आत घेतला तर धूर दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो. मजुरांसाठी वेगळी, हवेशीर खोली करा, आणि चहा तिथं.

आणखी एक. पावसात कोरडी जागा फक्त माणसाला हवी असते असं नाही. विटांच्या थप्पीत, दुमडलेल्या ताडपत्रीखाली फुरसं आणि घोणस येऊन बसते. सकाळी पहिली थप्पी हातानं उचलायची नाही, काठीनं वाजवायची. गमबूट आणि बॅटरी ही मांडवाच्याच सामानात धरा.

रोज संध्याकाळी एक फेरी मारा. गाठी, मेखा, चराचं तोंड. पोट दिसलं तर टोकाला चिंध्या गुंडाळलेल्या कळकानं आतून हळूच वर ढकला, आणि ढकलताना त्याच्या सरळ खाली उभं राहू नका.

थंडीचं थोडंसं

लेह-लडाखला किंवा कॅनडासारख्या देशांत तात्पुरता मांडव घालतात तो थंडीसाठी. सगळी इमारत प्लास्टिकनं गुंडाळतात आणि आत ऊब करतात. कारण ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं आणि माल आतून फुटतो. तिथंही धूर बाहेर काढणारेच हीटर वापरतात, आणि ते फक्त माणसं वाचावीत म्हणून नाही. कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडनं ताज्या फरशीचा वरचा थरही भुसभुशीत होतो.

आपल्याकडं तेवढी वेळ येत नाही. आयएस ७८६१ च्या दुसऱ्या भागात पाच अंशांखालच्या हवेला थंड म्हटलंय. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेक आणि लिंगमळ्याला पहाटे दव गोठतं, तेवढ्या खोलगट जागांपुरताच हा विषय आहे. तिथं माल सकाळी ऊन आल्यावर टाका आणि दुपारी दोनपर्यंत आटपा. संध्याकाळी त्यावर कागद, त्यावर वीतभर पेंढा, त्यावर ताडपत्री. सिमेंट स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, ती फक्त रात्रभर धरून ठेवायची. क्युरिंगचं पाणी सकाळी दहानंतर मारा, सूर्य मावळताना नको.

उतरवताना

घाई करून गणपतीला मांडव उतरवू नका. परतीचा पाऊस बाकी असतो. दसऱ्यानंतर आठ दिवस सलग ऊन पडलं की आधी पडदे, मग आढ्याची टोपी, मग वरून खाली पट्टे, आणि सगळ्यात शेवटी ताण. नवखे ताण आधी सोडतात आणि उरलेला मांडव अंगावर घेतात. ताडपत्री दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवल्याशिवाय घडी घालायची नाही, घडीत राहिलेली ओल तिला बुरशी आणते आणि उंदीर त्या वासाला येतात. नीट ठेवली तर कडब्याच्या गंजीला दोन वर्षं तरी चालते, आणि गावात मागणारे चार जण तयारच असतात. दोन ताडपत्र्या मात्र स्वतःकडं ठेवा, मेमध्ये गच्चीच्या कठड्याचं काम निघेल तेव्हा वळीव आलेला असेल. खांबांचे खड्डे त्याच दिवशी मुरूम टाकून ठासा, पोरं पळत असतात.